कोणत्या कॉलेजात शिकलास?



दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांतून कट-ऑफची चर्चा सुरू होते. मुंबईतल्या नामांकित कॉलेजच्या यादीत नाव लागले तर आनंदीआनंद. नाही लागले तर घरात कोणी धड जेवतही नाही. ‘दोन टक्क्यांनी हुकले’ हे वाक्य मुलाच्या कानांवर इतक्या वेळा पडते की आपले आयुष्यच हुकले असे त्याला वाटू लागते. कॉलेजचे मोठे नाव खरोखरच भविष्य ठरवते का?

२९ जूनला आपण संत पेत्र आणि संत पौल यांचा सण एकत्र साजरा करतो. पौल यरुशलेममध्ये गमालिएल या थोर गुरूच्या चरणी शिकले. पेत्र गालीलचे कोळी. पेत्र व योहान हे अशिक्षित असूनही एवढ्या धैर्याने बोलतात, याचे न्यायसभेला आश्चर्य वाटले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. पौलांची विद्वत्ता ख्रिस्तसभेच्या पुष्कळ उपयोगी पडली. पण तीच विद्वत्ता घेऊन ते आधी ख्रिस्ती लोकांना पकडायला दमास्कसला निघाले होते, हेही विसरू नये. विद्येला दिशा मिळाली ती प्रभूच्या भेटीमुळे.

या प्रश्नाचा अभ्यास अर्थतज्ज्ञांनीही केला आहे. अमेरिकेत स्टेसी डेल व ॲलन क्रूगर यांनी १९७६ साली कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्यांची पुढची कमाई तपासली आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत प्रवेश मिळालेल्यांपैकी काही नामवंत कॉलेजात गेले, काही साध्या कॉलेजात. पुढे दोघांची कमाई सरासरीने जवळजवळ सारखीच निघाली. म्हणजे हुशारी आणि जिद्द मुलाची होती. कॉलेजने ती दिली नव्हती. २०२३ मधल्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासातही सरासरी कमाईत फारसा फरक दिसला नाही. मात्र सर्वांत श्रीमंत एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता नामवंत कॉलेजमुळे वाढते असे आढळले. आपल्या मुलांसाठी आपण तेवढेच मागतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

पण डेल व क्रूगर यांना एक अपवादही दिसला. गरीब घरातील मुलांना चांगल्या कॉलेजचा खरोखर फायदा झाला. कारण उघड आहे. ज्याच्या घरात शिकलेली माणसे आणि ओळखीपाळखी आहेत, त्याला वाट दाखवणारे घरातच भेटतात. ज्याचे आईवडील शेतात किंवा मजुरीवर राबले, त्याला ती माणसे कॉलेजातच प्रथम भेटतात. तेव्हा ‘कॉलेजने काय होते!’ असे त्या मुलाला सांगणे हा अन्याय आहे. त्याच्यासाठी आपण धर्मग्रामस्थांनी उभे राहिले पाहिजे. तुमच्यापैकी जे शिकून नोकरीत स्थिरावले, त्यांनी मिस्सेनंतर अर्धा तास थांबून अशा एका मुलाचा फॉर्म भरून द्यावा, शिष्यवृत्तीची माहिती द्यावी, जमल्यास लोकलचा पास काढून द्यावा. दानपेटीत टाकलेल्या पैशाइतकेच हेही दान आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, यादीत नाव लागले नसेल तर आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांकडे पाहा. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची तळमळ होती. तो मिळाला नाही. त्यांनी जपानमध्ये व्यापार केला, तिथली भाषा आत्मसात केली आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले. त्याच भाषेमुळे १५९३ मध्ये ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी प्राण अर्पण केले आणि १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. एक दार बंद झाले, तरी त्यांनी मेहनत सोडली नाही.

पालकहो, आज जेवताना मुलाला टक्के विचारू नका. त्याला काय शिकायला आवडेल ते विचारा. कोणत्या कॉलेजात शिकलास हे प्रभू शेवटी विचारणार नाही. दिलेल्या तालंतांचे काय केलेस, हे मात्र नक्की विचारील.

हे प्रभो, आमच्या मुलांना ज्ञान दे, आम्हांला शहाणपण दे आणि आमच्यातील एकही मूल वाटाड्यावाचून राहू देऊ नकोस. आमेन.