टीझलचा काटा



प्रायश्चित्त काळाच्या दुसऱ्या रविवारी आपण दर वर्षी प्रभू येशूच्या रूपांतराचे शुभवर्तमान ऐकतो. संत मार्क सांगतात की, प्रभूची वस्त्रे कोणाही परटाला जमणार नाहीत इतकी शुभ्र झाली. परीट म्हटले की आपल्याला धोबीघाट आठवतो. परंतु मूळ ग्रीक शब्दाचे नाते लोकर विंचरण्याशी आहे. हा कारागीर मळके कपडे तर धुईच, शिवाय मागावरून उतरलेले लोकरीचे कापड तुडवून घट्ट करी आणि काट्यांनी विंचरी.

काट्यांनी! बोरीच्या काट्यात पदर अडकला तर काय होते, हे आपल्या आयाबहिणींना विचारा.

युरोपात या कामासाठी टीझल नावाच्या काटेरी झाडाची बोंडे वापरत. रानातल्या टीझलचे काटे सरळ, त्यांचा फारसा उपयोग नाही. शेतात लावतात त्या टीझलचे काटे टोकाशी आकड्यासारखे वळलेले असतात. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात त्याची शेती होत असे. पहिल्या वर्षी नुसती पाने, बोंडे दुसऱ्या वर्षी. सुकलेली बोंडे चौकटीत बसवून ओल्या कापडावरून फिरवत. तंतू वर येत, मग मोठ्या कात्रीने ते सारखे करत. कापड मऊ आणि उबदार होई.

पुढे तारेचे ब्रश आले. तार टिकाऊ. तरीही भारी कापडासाठी काही गिरण्यांनी विसाव्या शतकातही टीझल सोडले नाही. कापडात गाठ आली तर तार मागे हटत नाही, कापड फाडते. टीझलचा काटा स्वतः मोडतो.

मागे एकदा मिस्सेत वाचन करताना एक तरुण अडखळला. नाव कशाला हवे? मिस्सा संपताच पायऱ्यांवर, सर्वांदेखत, आम्ही त्याला सुनावले. बोललो ते खोटे नव्हते, त्याची तयारी नव्हतीच. त्यानंतर तो वाचनाला उभा राहिला नाही. आता मिस्सेलाही क्वचितच दिसतो. त्या दिवसांत त्याच्या मनावर कसला भार होता, ते आम्हांला फार उशिरा कळले. गाठ होती, आणि आम्ही तार झालो.

चुकलेल्याला सांगूच नये, असे प्रभू म्हणत नाही. विंचरल्यावाचून कापड मऊ होत नाही. पण आधी त्याला एकट्याला गाठून सांगा, असे त्याने संत मत्तयच्या शुभवर्तमानात शिकवले आहे. पेत्राने तर त्याला तीनदा नाकारले होते. पुनरुत्थित प्रभूने पेत्राला प्रश्नही तीनदाच विचारला, पण त्याआधी किनाऱ्यावर निखारे पेटवून त्याला न्याहारी वाढली. रात्रभर जाळे ओढून आलेल्या माणसाला काय हवे असते, हे त्याला ठाऊक होते.

या आठवड्यात आम्ही त्या तरुणाच्या घरी जाणार आहोत. आधी क्षमा मागू. वाचनाचा विषय त्याने काढला तरच.