हजार एक चाली

बँकेत बावीस वर्षं आकडे जुळवत बसलं की माणसाला एक खोड जडते. समोर काहीही आलं की तो त्याला कशानं तरी भागून बघतो. पुतण्याचा बोस्टनहून फोन आला तेव्हा मी हेच केलं.

त्याची आठ वर्षांची लेक फिडल शिकू लागली आहे. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. कोट-टाय उतरवून लेंग्यात बसलं की त्याला फिडल म्हणत असावेत.

"काका, तुम्ही लहानपणी व्हायोलिन शिकला होतात ना? दोन पुस्तकं आहेत. एक पातळ, पंचवीस सोप्या चालींचं. दुसरं ओनीलचं, त्यात एक हजार एक. कुठलं घेऊ?"

मी किमतीला चालींनी भागलं. ओनील जवळजवळ फुकटच पडत होता!

"जाडं घे. जन्मभर पुरेल."

पुरलं तीन आठवडे. पोरीनं फिडल पेटीत घातलं आणि पेटी पलंगाखाली सारली.

आता यात माझा अपराध किती? सल्ला मागितला म्हणून दिला, वर फी घेतली नाही. पण माझ्या कपाटात भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहाही भाग आहेत, एकरकमी घेतलेले. खूण अजून पहिल्या भागातल्या यमनापाशीच आहे. म्हणजे जे मला झेपलं नाही ते मी एका पोरीच्या गळ्यात मारलं. बँकेत याला न वाचता सही ठोकणं म्हणतात, आणि त्यावर मेमो मिळतो.

मग त्या ओनीलची चौकशी केली. गृहस्थ आयरिश, १९०१ ते १९०५ शिकागोचा पोलीसप्रमुख! बासरी वाजवायचा. देश सोडून आलेल्या वादकांकडून चाली गोळा करून त्यानं १९०३ साली १८५० चालींचं पुस्तक काढलं, आणि १९०७ साली नुसत्या नाचाच्या १००१ चालींचं. चाली हरवू नयेत हा हेतू. भातखंड्यांनी उस्तादांकडच्या चिजा लिहून घेतल्या त्यातलाच प्रकार. म्हणजे चाल ज्याच्या कानात आधीच आहे त्याच्यासाठी ते पासबुक. रक्कम दुसरीकडे असते. गज कुठे उलटायचा, कुठला सूर जरा गोंजारायचा, हे तिथं छापलेलं नसतं. ते ऐकून घ्यावं लागतं.

पुतण्याला फोन लावला. "चूक माझी. पोर आपणहून काय गुणगुणते?"

शिक्षिका तास संपताना एक जिग वाजवते, ती. ओनीलमध्ये ती निघाली.

"मग तेवढंच पान उघडं ठेव."

"आणि बाकीच्या हजार?"

"मोठी झाली की मागेल."

पलीकडे जरा शांतता. मग, "काका, आता दर चालीला किती पडले?"

मी फोन ठेवला.

परवा रविवारी तिनं ती फोनवर ऐकवली. दोन तुकडे, प्रत्येक दोनदा, आणि सगळं पुन्हा चार वेळा. दुसऱ्या तुकड्यात दर वेळी त्याच जागी बोट घसरत होतं. सोमवारी काउंटरवर मी ती गुणगुणत होतो, तर माझाही सूर तिथंच घसरला.