दिवे तर लागत होते

शास्त्रपाठ : मत्तय २५:१-१३

दहा कुमारींच्या दाखल्यावर मी आजवर किती वेळा उपदेश केला याची मोजदाद नाही. परंतु दर वेळी एक कुसळ मनात सलत राही. त्या पाच शहाण्या मुलींनी थोडेसे तेल दिले असते तर काय बिघडले असते? लग्नघरी जाताना एवढा कंजूषपणा? हे कुसळ एका जानेवारीत आदिलाबादच्या अलीकडे, हमरस्त्यावर निघाले. आणि त्याचे मोल मला द्यावे लागले.

निर्मलला माझी आत्या अखेरच्या दुखण्यात होती. तिने मला बोलावणे पाठविले. नागपूरला माझ्या भाच्याने एक जुनी डिझेल व्हॅन घेऊन तिच्यात घर थाटले आहे : दोन बिछाने, पंखा, लहानसा फ्रिज, भांडी धुण्याचे बेसिन. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, तेव्हापासून अशा गाड्या आपल्याकडे क्वचित दिसतात. आम्ही तिला घरगाडी म्हणतो. पूर्वीचे मिशनरी हिवाळ्यात बैलगाडी व तंबू घेऊन खेडोपाडी फिरत. बैलही वाटेत बसत असतील. पण ते का बसले हे निदान डोळ्यांनी दिसे!

संध्याकाळी निघून, पांढरकवडा मागे टाकून, पैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा रात्र बरीच झाली होती. पूर्वीचा ७ क्रमांकाचा तो महामार्ग आता ४४ क्रमांकाचा झाला आहे. धुके पडले, भाचाही थकला होता. निर्मल शंभर किलोमीटरच्या आत राहिले होते. "मामा, तीन-चार तास पडू, पहाटे चारला निघू," तो म्हणाला. तो झोपला. मी मात्र दिवा लावून पुढच्या रविवारच्या उपदेशाची टिपणे काढीत एक वाजेपर्यंत बसलो.

चारला किल्ली फिरविली. टक् टक् टक् टक्, एवढाच आवाज. आत दिवा लागत होता, पंखा फिरत होता. मी म्हणालो, "बॅटरी ठीक दिसते, डिझेलमध्ये हवा धरली असेल." भाच्याने बिचाऱ्याने अर्धा तास फिल्टरवरचा हातपंप दाबला. माझ्या सांगण्याने गेलेला हा अर्धा तास मी विसरलेलो नाही.

गाडी चालू होत नाही तेव्हा आधी कान द्यावा, हे मला नंतर कळले. स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर डिझेलकडे पाहावे. एकच जड 'टक्' होऊन सारे शांत, तर बहुधा स्टार्टर किंवा त्याचा सोलेनॉइड. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, स्वीच किंवा सुटलेली तार. आणि अशी भराभर टकटक झाली, तर बॅटरी उतरलेली किंवा तिची टोके गंजलेली. दिवा लागतो म्हणून बॅटरी भरलेली, हा हिशेब खोटा आहे. लहान दिव्याला एखादा अँपिअर पुरतो. डिझेल इंजिन फिरविणाऱ्या स्टार्टरला दीडशे-दोनशे आणि त्याहूनही अधिक लागतात. थंडीत तर तेल घट्ट आणि बॅटरी सुस्त. आदिलाबादची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

कापसाचा एक ट्रक जवळच उभा होता. ड्रायव्हरने मीटर लावला. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते. आमची साडेअकरा, आणि किल्ली फिरविताच सातवर आली. मी म्हणालो, "तुमच्या बॅटरीवरून थोडा करंट द्या."

"नाही बाबा," तो म्हणाला. "माही गाडी चोवीसची हाय, तुमची बाराची. जोडली त तुमचं सारं जळून जाईन."

मला त्याचा राग आला. ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच तार घेणारे लोक आहेत. पण अंधारात, अनोळखी गाडीवर, तो धोका त्याने पत्करला नाही. बारा व्होल्टची जीप यावी म्हणून तो स्वतः रस्त्यावर हात करीत उभा राहिला. मी ज्याला नकार समजत होतो तो नकार नव्हता.

साडेसातला जीप मिळाली. लाल तार लाल टोकांना, काळी शेवटी इंजिनच्या लोखंडाला. बॅटरीजवळ ठिणगी पडली तर वायू पेटतो, म्हणून. इंजिन लागले.

अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात, एक घरासाठी, एक इंजिनासाठी. आणि गाडी थांबली की दोघींना वेगळे करणारा एक रिले असतो. आमच्या रिलेची टोके चिकटून बसली होती. घराची बॅटरी जुनी, ती संपली, आणि फ्रिज, पंखा व माझा दिवा इंजिनाच्या वाट्याचे खाऊ लागले.

घाट उतरताना मी तो दाखला मनात पुन्हा वाचला. दहाही जणींकडे दिवे होते. दहाही जणी झोपल्या. मध्यरात्री हाक येईपर्यंत त्यांच्यात काही फरक दिसत नव्हता. मूर्ख मुली अंधारात बसल्या नव्हत्या हो, त्यांचा दिवाही लागत होता! आजवर मी शहाण्यांना कंजूष ठरवीत आलो. पण काही गोष्टी देणाऱ्याच्या मनात असूनही देता येत नाहीत. माझ्यासाठी दुसऱ्याने प्रार्थना करावी, हे होते. माझी प्रार्थना दुसऱ्याने करावी, हे होत नाही. मी तर लोकांसाठी उपदेश लिहीत जागलो होतो, आणि कित्येक महिन्यांत स्वतःसाठी गुडघे टेकले नव्हते.

चारला निघालो असतो तर सहापर्यंत पोचलो असतो. आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. आत्या सहानंतर थोड्या वेळाने प्रभूकडे गेली होती. शेजारच्या बाईंनी सांगितले, पहाटे तिने दोनदा विचारले, "गाडीचा आवाज आला का गं?"