मूर्च्छा आणि कर्तेपण

वेदान्तात जीवाच्या अवस्थांची मोजदाद ठरलेली आहे: देहात असताना जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती म्हणजे स्वप्नरहित गाढ झोप या तीन, आणि देह सोडून जाणे ही चौथी. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादात या मोजदादीत न बसणारा एक मनुष्य पुढे येतो, तो म्हणजे ‘मुग्ध’, अर्थात शुद्ध हरपून पडलेला. आणि शंकराचार्यांनी भाष्यात त्याची जी तपासणी केली आहे ती एखाद्या अनुभवी वैद्याला शोभावी अशी आहे. तो जागा नाही, कारण इंद्रियांनी त्याला काहीच कळत नाही. स्वप्नातही नाही, कारण संज्ञाच उरलेली नाही. आणि मेलेलाही नाही, कारण भोवतीचे लोक छातीवर व नाकापाशी हात नेऊन पाहतात तेव्हा ऊब आणि श्वास दोन्ही सापडतात. मग झोपला आहे म्हणावे, तर झोपलेल्याचा चेहरा प्रसन्न असतो, श्वास एका लयीत चालतो आणि हाताने हलवताच तो उठतो. मुग्धाचा श्वास मात्र कधी बराच वेळ अडकून राहतो, अंग कापते, चेहरा भीतिदायक होतो, डोळे विस्फारलेले राहतात आणि मुद्गराच्या घावानेही तो जागा होत नाही.

उरलेल्या पर्यायांतून सूत्रकार ‘अर्धसंपत्ती’ हा निर्णय काढतात. संपत्ती म्हणजे सुषुप्तीत जीवाचे ब्रह्माशी होणारे ऐक्य. मूर्च्छेत ते अर्धेच होते, कारण एका बाजूने ही अवस्था झोपेसारखी आणि दुसऱ्या बाजूने मरणासारखी आहे. आचार्य तिला मरणाचे द्वारच म्हणतात, परंतु पाचवी अवस्था म्हणून मोजत नाहीत, कारण तिला अर्धसंपत्तीच मानले आहे. एवढी विस्मयकारक गोष्ट दारात उभी असताना तिच्यावर नवा सिद्धान्त न उभारण्याचा हा संयम भाष्यात सहज वाचून पुढे जावे असा असला, तरी पहिल्याच वेळी आणि कारण न कळता आकडी आलेल्या, एरवी कामात बुडालेल्या प्रौढ माणसासाठी तो फार मोलाचा आहे.

आजचे वैद्यकही अशा माणसाच्या बाबतीत प्रथम वर्गीकरणाच्याच अडचणीत सापडते. शुद्ध जाण्यामागे रक्तदाब क्षणभर घसरल्याने येणारी साधी घेरी असू शकते, हृदयाच्या तालातील धोकादायक बिघाड असू शकतो, किंवा मेंदूतील पेशींचा एकाच वेळी होणारा अनियंत्रित विद्युत्‌-विसर्ग, म्हणजे आकडी किंवा बोलीतील ‘फिट’, असू शकते. रक्तातील साखर किंवा सोडियम उतरणे, मद्य एकाएकी सोडणे, डोक्याला ताजा मार बसणे असे तात्कालिक कारण न सापडल्यास वैद्य तिला विनाप्रक्षोभ आकडी म्हणतात. ईसीजी, ईईजी आणि एमआरआय केले जातात, आणि ते सारे निर्दोष आले तरी आकडी आलीच नव्हती असे त्यावरून सिद्ध होत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या 2015 च्या मार्गदर्शिकेनुसार अशा पहिल्या आकडीनंतर दोन वर्षांत पुन्हा आकडी येण्याची शक्यता 21 ते 45 टक्के असते. म्हणजे अपस्मार, अर्थात वारंवार आकडी येण्याचा विकार, आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही. रुग्णाला घरी धाडताना हातात जे दिले जाते ते एक प्रकारचे अर्धेपणच असते.

या रिकाम्या जागेत कारण बसवण्याची घाई समाजाला फार असते. कोणी ग्रहदशा सांगतो, कोणी बाहेरची बाधा, कोणी कांदा किंवा चप्पल हुंगवतो, आणि जे स्वतःला सुशिक्षित समजतात ते पूर्वकर्माचे नाव घेतात. यांपैकी शेवटचे उत्तर सर्वांत सभ्य दिसते आणि म्हणूनच सर्वांत जास्त इजा करते, कारण त्यात आजारी माणूस आपोआप आरोपी ठरतो. वास्तविक कर्मसिद्धान्त मानणाऱ्या परंपरेनेही अशा प्रसंगी दृष्ट कारण, म्हणजे प्रत्यक्षात दाखवता येणारे कारण, आधी पाहिले आहे: आचार्यांच्या मते मूर्च्छा घावासारख्या निमित्ताने येते आणि झोप थकव्याने; आणि चरकसंहिता या आयुर्वेदग्रंथाचे विमानस्थान तर आयुष्य पूर्णपणे दैवाने ठरलेले मानल्यास औषधोपचारच निरर्थक ठरतील, असा युक्तिवाद करते. भाष्यात कर्म येते ते वेगळ्या ठिकाणी: मुग्धाचे कर्म शिल्लक असेल तर त्याची वाणी आणि मन परततात. तेथे कर्म हे परत येण्याचे कारण आहे, पडण्याची शिक्षा नाही, हा फरक प्रवचनांतून सहसा ऐकू येत नाही.

परत आलेला माणूस तोच आहे का, हा प्रश्न याच पादातील आधीच्या सूत्रात झोपेच्या संदर्भात सोडवलेला आहे, आणि तेथे दिलेल्या कारणांत अर्धवट राहिलेले काम पुढे चालू करणे व पूर्वीचे आठवणे ही दोन येतात. कर्तबगार माणसाला पहिला आधार चटकन पटतो. शुद्धीवर येताच त्याला कामाची आठवण होते आणि काम सापडले की आपणही सापडलो असे वाटते. परंतु खरा धक्का त्याच्या कर्तेपणालाच बसलेला असतो. हात झटकले गेले, जीभ चावली गेली, देह आदळला, आणि यांतले काहीही त्याने केलेले नव्हते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, करणे म्हणजे इंद्रिये, विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. निरोगी माणूस या पाचांतून स्वतःला फक्त कर्ता समजून चालतो. आकडीत कर्ता बाजूला होतो आणि देह, इंद्रिये व चेष्टा उरतात. गीतेचा तो विचार अहंकार सुटावा म्हणून आहे, पण येथे तो साधनेविना आणि संमतीविना अंगावर कोसळतो, त्यामुळे त्यातून मुक्तीऐवजी अपमानच अनुभवाला येतो. या अपमानाला आध्यात्मिक लाभ म्हणून खपवणे अप्रामाणिक होईल.

अनुभवाचा विचार केला तर झोप आणि मूर्च्छा यांत आणखी एक भेद दिसतो. गाढ झोपेतून उठलेला ‘सुखाने झोपलो, काही कळले नाही’ असे स्वतःच्या आठवणीने सांगतो, आणि सुषुप्तीतही साक्षी चैतन्य, म्हणजे केवळ पाहणारी जाणीव, असते याचे प्रमाण म्हणून अद्वैत वेदान्ती ही आठवण दाखवतात. तीव्र आकडीतून उठलेल्याकडे मात्र सुखाची वा दुःखाची कोणतीच आठवण नसते, आणि स्वतःच्या आयुष्यातील त्या मिनिटांसाठी त्याला शब्दप्रमाणावर, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या सांगण्यावर, पूर्णपणे अवलंबून राहावे लागते. वैद्यही त्यामुळेच रुग्णाइतकेच, किंबहुना जास्त, पाहणाऱ्याला विचारतात: डोळे उघडे होते का, रंग कसा झाला होता, झटके किती वेळ होते, भान यायला किती वेळ लागला.

घरातील पुढचा तंटा येथूनच सुरू होतो. वाहन चालवण्यावर, पोहण्यावर, उंचावर चढण्यावर वैद्य काही काळ बंधने घालतात, आणि वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत अपस्माराविषयी व कोणत्याही कारणाने एकाएकी शुद्ध जाण्याविषयी विचारलेले असते. ज्याला आकडी आली त्याला ही बंधने जाचक वाटतात, कारण त्याच्या लेखी काही घडलेलेच नसते. जे घडले ते त्याला फक्त दुसऱ्या कोणी सांगितलेले असते. पत्नीने, आईने किंवा सहकाऱ्याने मात्र तो चेहरा पाहिलेला असतो आणि नाकापाशी हात धरलेला असतो. त्यांची भीती प्रत्यक्षातून आली आहे आणि त्याचा निर्धास्तपणा त्या प्रत्यक्षाच्या अभावातून. त्यामुळे रात्री न्हाणीघराच्या दाराची कडी लावायची की नाही, एवढ्याशा प्रश्नावरही दोन्ही बाजू आपापल्या प्रमाणाला प्रामाणिक राहून भांडतात.