सुरीचे उदाहरण

आमच्या शाळेत सहामाही परीक्षेला निबंधाचा एक विषय ठरलेला असतो. उर्दूच्या पेपरात तो 'सायन्स के फायदे और नुकसानात' म्हणून येतो आणि मराठीच्या पेपरात 'विज्ञान : शाप की वरदान' म्हणून. मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इतिहास आणि मराठी शिकवतो. त्यामुळे या विषयाचे गठ्ठे गेली दहा-बारा वर्षे तपासत आलो आहे. बहुतेक वह्यांत शेवटचा परिच्छेद एकच असतो. सुरीने फळ कापता येते, सुरीने गळाही कापता येतो. दोष सुरीचा नाही, ती धरणाऱ्या हाताचा आहे. म्हणून विज्ञानाला नावे ठेवणे योग्य नाही. मुलांना हे कोणी शिकवले, असे विचारायची सोय नाही. फळ्यावर मीच लिहून दिले होते. मला ते माझ्या शिक्षकांनी लिहून दिले होते, आणि बी.एड.च्या सराव पाठातही याच सुरीने मला चांगले गुण मिळवून दिले होते.

मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलीने या सुरीला अडवले. तिचे मराठी कच्चे आहे, लिंग-वचनाच्या चुका पानोपानी असतात. त्या चुका काढून सांगायचे तर तिने लिहिले होते ते असे : सुरी माणसाच्या हातात असते. माझे अब्बा लूम चालवतात, पण लूम त्यांच्या हातात नाही, तेच लूमच्या हातात आहेत. मग दोष कोणाचा लिहायचा? एवढे लिहून तिने खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. मी आदर्श उत्तराप्रमाणे निष्कर्षाचे दोन गुण कापले आणि वही मिटली. वही मिटली, पण विषय मिटला नाही. कारण मीही लूमवाल्याचाच मुलगा आहे.

मालेगावचे मोमीन विणकर मूळचे इथले नव्हेत. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून ते दक्षिणेकडे आले. काही भिवंडीला थांबले, काही इथे. घरातच माग असे. खड्ड्यात पाय सोडून विणकर बसायचा, बायका-मुले कांड्या भरायची, रंगीत लुगडी निघायची. १९३५च्या सुमारास गावात वीज आली आणि तिच्या मागोमाग यंत्रमाग आले. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने मागही इथे येऊन पुन्हा धडधडू लागले. जुन्या हातमागाचे गोडवे गाणारी मंडळी मला भेटतात. ती बहुधा त्या खड्ड्यात कधी बसलेली नसतात. सूत सावकाराचे, कापडाचा भाव सावकाराचा, आणि विणकराचे काय, तर गुडघे. दादी सांगायची, तिच्या लहानपणी ईदचा नवा कुडता पुढच्या ईदपर्यंत चालवायचा असे. कापड विणणाऱ्यांच्या घरात ही गत. यंत्रमागाने कापड स्वस्त केले आणि गरिबाच्या अंगावर दुसरा जोड आला, हे नाकबूल करणे नाशुक्री होईल. माझी बी.एड.ची फीसुद्धा लूमच्याच मजुरीतून भरली गेली आहे.

आता दुसरी बाजू. अब्बांनी चाळीस वर्षे लूम चालवले. बारा तासांची पाळी, एका माणसाकडे सहा-आठ लूम, मजुरी मीटरवर. एका साध्या लूमचा धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे फेकला जातो. असे पन्नास लूम पत्र्याच्या एका शेडमध्ये असले की आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. साधे बोलणे साठच्या आसपास असते. शेडमध्ये कोणी बोलत नाही, सगळे खुणांवर चालते. पन्नाशीला आल्यावर अब्बा घरातही खुणा करू लागले, तेव्हा आम्हांला कळले. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतल्या बाजूला ज्या बारीक पेशी असतात त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. यात कोणी कोणाचा गळा कापला? शेठने लूम कापड विणायला घेतला, कान घालवायला नव्हे. अब्बांनी तो नीट चालवला. वापर अगदी योग्य झाला, गैरवापर कुठेच नाही, आणि तरीही कान गेले. सुरीचे उदाहरण इथे कामाला येत नाही. सुरीला एकच हात असतो. लूमचा मालक एक, चालवणारा दुसरा, कापड नेसणारा तिसरा आणि भिंतीपलीकडे झोप न येणारे तान्हे मूल चौथे. फायदा आणि नुकसान यांची बेरीज-वजाबाकी निबंधात होते, पण फायदा ज्याच्या खात्यावर पडतो त्याच्याच खात्यावर नुकसान पडत नाही. त्या मुलीला हेच म्हणायचे होते, असे मला वाटते.

लाउडस्पीकर नवा होता तेव्हा नमाजात तो चालेल का, यावर उलेमांमध्ये मोठा वाद झाला. या यंत्रातून येतो तो आवाज इमामाचा स्वतःचा की त्याची नक्कल, असा तो प्रश्न होता. बी.एड.च्या वर्गात आम्ही या वादाला मनसोक्त हसलो होतो. आता हसू येत नाही. पुढे लाउडस्पीकर मशिदीत आलाच, पण तो आत घेण्यापूर्वी याने काय बदलेल हे निदान कोणीतरी विचारले होते. लूम मोहल्ल्यात आला तेव्हा तो प्रश्न कोणी विचारल्याचे मला कुठे वाचायला मिळाले नाही. आज त्याच लाउडस्पीकरवरची अजान सगळ्या गल्लीला ऐकू जाते, अब्बांना जात नाही. ते घड्याळ पाहून उठतात.

यंत्राविरुद्ध बोलणाऱ्याला अडाणी ठरवायची आपली जुनी सवय आहे. इतिहासाच्या तासाला औद्योगिक क्रांती शिकवताना इंग्लंडमधल्या लुडाइटांचा उल्लेख येतो. यंत्रे फोडणारे, प्रगतीचे शत्रू, असा त्यांच्यावर शिक्का आहे. १८११ साली नॉटिंगहॅमच्या परिसरात मोजे विणणाऱ्या कारागिरांनी विणकामाच्या चौकटी फोडायला सुरुवात केली, हे खरे. पण ते सगळ्या चौकटी फोडत नव्हते. जो मालक हलका माल काढी, मजुरी पाडी, कमी शिकलेल्या पोरांकडून काम करून घेई, त्याच्या चौकटी फुटत. शेजारच्याच्या शाबूत राहत. ते स्वतः पिढ्यान्‌पिढ्या त्याच यंत्रांवर बसलेले होते. त्यांचे भांडण यंत्राशी कमी आणि यंत्र ज्या अटींवर चालत होते त्या अटींशी जास्त होते. सरकारने १८१२ साली चौकट फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. कवी बायरन याने उमरावांच्या सभागृहातल्या आपल्या पहिल्या भाषणात या कायद्याला विरोध केला, तरी कायदा झाला आणि १८१३च्या जानेवारीत यॉर्कला सतरा जण फासावर गेले. मालेगावच्या वर्गात हा धडा शिकवताना खिडकीतून लूमचा आवाज येत असतो आणि पाठ्यपुस्तकाच्या दोन ओळी मला अपुऱ्या वाटतात.

टीकाकाराला दुसरा टोमणा हमखास बसतो. मोबाइल वापरता, दवाखान्यात जाता, मग विज्ञानावर बोलायचा तुम्हांला काय अधिकार? अकबर इलाहाबादी यांनी इंग्रजी नवलाईवर इतकी थट्टा केली, पण ते स्वतः इंग्रजांच्या न्यायव्यवस्थेत न्यायाधीश होते आणि मुलाला त्यांनी शिकायला विलायतेला धाडले होते. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वे, डॉक्टर, यंत्रे कोणाचीच गय केली नाही. पुढे जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचे अपेंडिक्स दुखावले आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात इंग्रज डॉक्टरने शस्त्रक्रिया केली. ती चालू असताना वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. यात ढोंग पाहणारे पाहोत. मला त्याच वर्षीची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. यंत्रांबद्दल विचारले असता गांधीजींनी शिवणयंत्राला अपवाद केला. ते कोणाच्या तरी डोळ्यांचा आणि बोटांचा त्रास वाचावा म्हणून घडवले गेले, हे त्यांना भावले होते. म्हणजे त्यांचाही प्रश्न यंत्र हवे की नको एवढाच उरला नव्हता, ते कोणासाठी घडवले हा झाला होता. आणि वापरणाऱ्यालाच टीकेचा अधिकार नसेल तर अब्बांना तो नाही, आणि मग तो कोणालाच नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी टीकाकारांचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही. आमच्या घरातलीच एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

१९९५ साली देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. त्या वेळी माझी धाकटी बहीण दोन वर्षांची होती. डोस पाजणाऱ्या बाई दारात आल्या की दादी तिला ग्रे कापडाच्या गठ्ठ्यांमागे दडवायची. या थेंबांनी पुढे मुले होत नाहीत, अशी अफवा मोहल्ल्यात होती. दादीला मी मूर्ख म्हणणार नाही. आणीबाणीतल्या नसबंदीच्या गोष्टी तिने ऐकलेल्या होत्या आणि सरकार एरवी गटार साफ करायलाही येत नाही, ते औषध पाजायला घरापर्यंत का येते, हा तिचा प्रश्न बिनबुडाचा नव्हता. पण थेंबांवरचा आरोप खोटा होता. आमच्या गल्लीत बहिणीच्याच वयाचा एक मुलगा होता. त्याच्याही आईने दार लावून घेतले होते. तो आज कॅलिपर घालून मोबाइल रिचार्जच्या दुकानात बसतो. आमची बहीण धडधाकट आहे, ते दादीच्या शहाणपणामुळे नव्हे, नशिबाने.

शिक्षक झाल्यावर मीही या मोहिमेच्या कामावर गेलो. सगळ्या मुलांना डोस मिळाला त्या दारावर खडूने 'पी', राहिला तिथे 'एक्स'. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. तरीही २०२२च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला, तेव्हा लसीसाठी पुन्हा तीच दारे वाजवावी लागली. एका घरात मला ऐकवले गेले, मास्तर, तुम्हीच म्हणता ना सायन्सचे नुकसानही असते? मला उत्तर पटकन सुचले नाही. संध्याकाळी घरी येताना सुचले, नेहमीप्रमाणे.

यंत्राला आपण विचारतो, फायदा कोणाचा आणि किंमत कोण मोजणार? टीकेलाही हेच विचारले पाहिजे. दादीची शंका चुकली तर किंमत दादी मोजणार नव्हती, दोन वर्षांची पोर मोजणार होती. त्या घरातल्या माणसाने लूमच्या आवाजाबद्दल तक्रार केली असती तर ती त्याच्या स्वतःच्या कानांची तक्रार झाली असती. लसीबद्दलची त्याची शंका मात्र दुसऱ्याच्या जिवावरची होती, आणि तपासून पाहायला तो तयार नव्हता. एक आक्षेप खोडला की दुसरा पुढे येई. अब्बांच्या तक्रारीला डॉक्टरची तपासणी पुष्टी देते. या शंकेला कोणतीच तपासणी समाधान देऊ शकत नव्हती. दोघांना एकाच मापाने 'विज्ञानविरोधी' म्हणणे हा अब्बांवर अन्याय आहे.

टीका म्हणजे यंत्र फेकून देणे नव्हे, हे महाराष्ट्राला सांगायची खरे तर गरज नसावी. गर्भजलपरीक्षेने मुली पोटातच मारल्या जात आहेत, हे मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी लावून धरले म्हणून १९८८ साली देशातला पहिला कायदा याच राज्यात झाला. केंद्राचा कायदा १९९४चा. मुलगा हवा ही हौस सोनोग्राफीने निर्माण केली नाही, ती आधीपासून होतीच, पण यंत्राने तिला हात दिला. राज्यात हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालच्या मुली २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली ८९४ झाल्या, म्हणजे कायदा पुरेसा पडला नाही हेही उघड आहे. पण मागणी सोनोग्राफी बंद करा अशी नव्हती. यंत्रांची नोंदणी करा, तपासणीचा हिशेब ठेवा, अशी होती. लूमच्या शेडमध्ये कानात घालायचे बोळे आणि पाळीचे तास यांचा हिशेब कोणी मागितला तर त्यालाही प्रगतीचा शत्रू म्हणायचे का?

अब्बांसाठी मी गेल्या वर्षी हप्त्यांवर श्रवणयंत्र घेतले. एका यंत्राने नेले त्यातले थोडे दुसरे यंत्र परत देते, पैसे घेऊन. ते घातले की शेजारच्या कारखान्याचाच आवाज आधी आत शिरतो, म्हणून ते काढून ठेवतात. जुम्याला लूम बंद असतात. त्या दिवशी घालतात.

यंदा मी निबंधाचा विषय बदलून पाहिला. 'तुमच्या घरातले एक यंत्र : ते कोणाचे, कोण चालवते, त्याचा त्रास कोणाला?' बहुतेकांनी मोबाइलवर लिहिले, आणि त्रास कोणाला, तर अम्मीला. आठवीतल्या एका मुलाने नळाला लावलेल्या मोटारीवर लिहिले. पाणी दोन दिवसांआड येते. मोटार लावली की आमची टाकी अर्ध्या तासात भरते आणि शेजारच्या खालाच्या नळाला नुसती हवा येते. खाला रोज अम्मीला सलाम करतात, मोटारीचे काही बोलत नाहीत. मोटार बंद ठेवावी असे मी अब्बूंना म्हटले तर ते म्हणाले, मग पलीकडचा लावेल.

मोटार आमच्याही घरी आहे. शेरा न लिहिताच ती वही मी बाजूला ठेवली आहे.