उंबरातला करार

1880च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी तुर्कस्तानातल्या स्मर्ना भागातून तिथल्या नामांकित अंजिरांच्या काड्या मागवल्या. झाडं वाढली, फळं धरली आणि हिरवी असतानाच गळून गेली. पुढची कित्येक वर्षं हेच चाललं. स्मर्नाचे शेतकरी हंगामात रानटी अंजिरांच्या माळा बागेतल्या झाडांवर टांगतात, हे कानावर आलं होतं. पण अडाण्यांची समजूत म्हणून अनेकांनी ते हसण्यावारी नेलं. अखेर 1899मध्ये त्या रानटी अंजिरातला बारीक कीटक अमेरिकेत नेऊन रुजवला, तेव्हा कुठे फळ टिकू लागलं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये थिओफ्रॅस्टसने या प्रथेची नोंद करून ठेवली होती. बागायतदारांनी ती वाचायला हरकत नव्हती.

अंजीर, उंबर, वड, पिंपळ ही सगळी फायकस या एकाच प्रजातीची भावंडं. प्रजातीत साडेसातशेच्या आसपास जाती आणि बहुतेकींचा आपापला कीटक ठरलेला. उंबर म्हणून जे हाती येतं ती खरं तर तोंड जवळजवळ मिटलेली पिशवी. फुलं सगळी आतल्या बाजूला. देठासमोरच्या चिंचोळ्या छिद्रातून केंबराची, म्हणजे या कीटकाची, मादी आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात, त्यामुळे परतीचा प्रश्नच उरत नाही. छातीवरच्या खिशांतून आणलेले परागकण ती फुलांवर ठेवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी आधी नर फुलांतून बाहेर पडतात. त्यांना पंखच नसतात. माद्यांशी समागम करायचा, उंबराच्या भिंतीत बोगदा पाडायचा आणि मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. नव्या माद्या पराग भरून घेऊन त्या बोगद्यातून उडून जातात. जैन आचारात पाच उदुंबरफळं वर्ज्य मानली आहेत ती आतल्या याच जिवांमुळे. (पुरंदरचं अंजीर खाणाऱ्यांनी घाबरू नये. त्या जातीत परागीभवनाशिवायच फळ धरतं.)

अशा गोष्टी सांगताना निसर्गातल्या सहकार्याचं कौतुक ओघानेच येतं आणि पाठोपाठ माणसाला उपदेश. कौतुक रास्त आहे, उपदेशाचा पाया मात्र कच्चा आहे. दोन्ही पक्षांचे हितसंबंध इथे उघडउघड भिडतात. केंबराने अंडं घातलं की ते फूल बीजाला मुकलं. सगळ्याच फुलांत अंडी पडली तर झाडाचा वंश बुडेल, एकातही पडली नाहीत तर पराग वाहणारा उरणार नाही. एका जातीचा एखादा अवयव केवळ दुसरीच्या भल्यासाठी घडल्याचं कुणी दाखवलं तर आपला सिद्धांत कोसळेल, असं डार्विनने लिहून ठेवलं होतं. उंबर त्याला अडचणीत आणत नाही. इथे जो तो आपलंच पाहतो, आणि तरीही व्यवहार कोट्यवधी वर्षं टिकून आहे.

टिकण्यामागचं एक कारण पनामातल्या प्रयोगांतून पुढे आलं. शास्त्रज्ञांनी काही माद्यांना पराग मिळू न देता आत सोडलं. ज्या जातींत कीटक मुद्दाम पराग गोळा करून आणतो, तिथल्या झाडांनी अशी बिनपरागाची फळं बरीच गाळून टाकली, किंवा त्यांत पिल्लंच कमी निपजली. 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातली आणखी एक नोंद महत्त्वाची वाटते : जिथे झाडाची शिक्षा सौम्य, तिथे रानातही पराग न आणणारे कीटक जास्त सापडले. म्हणजे करार पाळला जातो तो मोडणाऱ्याला महाग पडतो म्हणून. बाहेरूनच लांब सुईसारख्या अवयवाने उंबर टोचून आत अंडी घालणारे फुकटेही आहेतच. पानं शिवून घरटी करणारे तांबडे मुंगळे उंबरांवर फिरून या फुकट्यांपैकी काहींचा फडशा पाडतात.

इतका घट्ट करार परिस्थितीपुढे किती टिकतो? 1992मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने फ्लोरिडातली झाडं ओरबाडली, तरी काही महिन्यांत तिथली फायकसची झाडं आणि त्यांचे कीटक सावरले. 1998च्या दुष्काळात बोर्निओतल्या लांबीरच्या जंगलात मात्र काही जातींनी फळं धरणंच थांबवलं आणि त्यांचे कीटक त्या परिसरातून नाहीसे झाले. फरक समजण्यासारखा आहे. केंबराचं उडतं आयुष्य एक-दोन दिवसांचं. एका झाडावरची उंबरं साधारण एकदमच पिकतात, म्हणून मादीला त्या अवधीत योग्य अवस्थेतलं दुसरं झाड गाठावं लागतं. वारा तिला दूरवर नेतो; नामिबियात अशा कीटकांनी 160 किलोमीटरपर्यंत पल्ला गाठल्याचं आढळलं आहे. पण कुठेच फळ धरत नसेल तर वारा तरी काय करणार?

म्हणून रस्ता रुंद करताना एक जुना उंबर गेला तर लगेच काही बिघडणार नाही. ओळीने गेले तर वर्षातले काही महिने त्या टापूत एकही झाड फळावर नसेल, अशी पाळी येऊ शकते. केंबरांबरोबरच उंबरांवर पोसणारे धनेश, शेकरू आणि वटवाघळंही मग अडचणीत येतील. बदल्यात लावलेल्या रोपांना फळ धरायला काही वर्षं जावी लागतात, आणि रोपांची संख्या मोजणाऱ्या कागदावर ही वर्षं दिसत नाहीत. कोणतं झाड कोणत्या महिन्यात फळतं, हा एक रकाना वृक्षगणनेच्या तक्त्यात वाढवायला फारसा खर्च येणार नाही. तोडीचा अर्ज आला की तो रकाना आधी पाहता येईल.