नॅनोने नेमकं काय शिकवलं?

पूर्वपक्ष: प्रॉडक्ट मॅनेजर अपयशातूनच घडतो, यात शंका घेण्यासारखं काय आहे? टाटा नॅनो घ्या. जानेवारी 2008 मध्ये ती एक लाखाची गाडी म्हणून जगापुढे आली. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची, आणि सर्वांत चांगल्या वर्षी, 2011-12 मध्ये, खप झाला 75 हजारांच्या आसपास. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का नडला. 2013 मध्ये खुद्द रतन टाटांनी त्याबद्दल खंत व्यक्त केली. धडा स्वच्छ आहे.

उत्तर: निकाल हाती आल्यावर सगळेच धडे स्वच्छ दिसतात. सिंगूरमधला कारखाना सोडून साणंदला जाण्यात वेळ गेला, काही गाड्यांनी पेट घेतल्याने धास्ती बसली, किंमत लाखावर टिकली नाही. यातलं कोणतं कारण किती भारी, हे एकाच घटनेवरून वेगळं काढता येत नाही. मग ज्याला जे परवडतं ते कारण तो उचलतो. आणि शिक्क्याचा धडा तर कंपनीने गिरवलासुद्धा: 2014 मध्ये पॉवर स्टीअरिंग दिलं, 2015 मध्ये ऑटोमॅटिक गिअर आणि उघडणारी डिकी दिली, शहरी तरुणांची गाडी म्हणून तिला नव्याने मांडलं. खप तरीही सावरला नाही.

पूर्वपक्ष: कारण उशीर झाला होता. एकदा बसलेला शिक्का पुसला जात नाही.

उत्तर: असेलही. पण उपाय लागू पडला तर धडा खरा, आणि नाही पडला तरी ‘उशीर झाला’ म्हणून धडा खराच, असं असेल तर तो कधी खोटा ठरूच शकत नाही. अशा धड्यावर पुढचं उत्पादन उभं करणं धोक्याचं आहे. यशाचंही तेच. 2005 मध्ये आलेला टाटा एस, आपला ‘छोटा हत्ती’, कंपनीतल्याच गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली घडला आणि धो-धो चालला. नॅनोची धुराही त्यांच्याकडेच होती. माणूस तोच, कंपनी तीच, निकाल उलटे. म्हणून काय शिकायचं ते अपयशाच्या आधी ठरवावं लागतं. किंमत उतरली की दुचाकीवरचं कुटुंब चारचाकीकडे वळेल, हे नॅनोमागचं गृहीत. पहिल्या वर्षी दुचाकीवरून आलेले ग्राहक अमुक टक्क्यांपेक्षा कमी निघाले तर गृहीत चुकलं, असं वाक्य गाडी बाजारात जाण्याआधी कागदावर असेल, तरच नंतरचा आकडा काही शिकवतो.

पूर्वपक्ष: समजा लिहिलं. पण अडीच लाख गाड्यांचा कारखाना उभा राहिल्यावर ते वाक्य वाचणार कोण? चूक कळायला अक्कल फारशी लागत नाही. ती कबूल करायची असते त्याच माणसाने, ज्याची नोकरी ती कबूल न करण्यावर टिकलेली आहे. तुमचा कागद कपाटात राहील.

उत्तर: हा आक्षेप मला खोडता येत नाही. सत्तेचा प्रश्न कागदाने सुटत नाही. पण कारखान्याची वीट रचण्याआधी, माघार स्वस्त असताना लिहिलेला आणि ज्याची बढती त्या उत्पादनावर अवलंबून नाही अशा माणसाच्या हाती दिलेला कागद कपाटात ढकलणं थोडं तरी अवघड जातं. पुढच्या तिमाहीत नवं काही बाजारात आणणाऱ्यांनी ते एक वाक्य आत्ताच लिहावं, आकड्यासह आणि तारखेसह.